तू सरक, मी बघते

कमरेएवढ्या भिंती दिसल्या की समजायचं, आता गोळीबार होणार. मोकळं आवार आहे आणि त्यात कुणीतरी उगाचच सिमेंटचे ठोकळे, उलटी टेबलं, फुटक्या पेट्या मांडून ठेवल्या आहेत, तर त्या आपल्याला लपायला ठेवल्या आहेत. गंधारला गेममधली ही खोड वाटायची. "यार, आत शिरल्याबरोबर कळतं काय होणार ते, मजाच जाते," असं म्हणायचा. मला त्यातच बरं वाटायचं. आधी सांगतात तरी. खऱ्या जगात कुणी एवढी माणुसकी दाखवत नाही.

गंधार माझा नवरा. हवाई दलात आहे. विमानं उडवत नाही, ती उडण्यालायक ठेवतो. बदली होऊन आम्ही चंदीगढला आलो तेव्हा सरकारी घर रिकामं नव्हतं, म्हणून सेक्टर चव्वेचाळीसच्या अगदी कडेला बलजीत आंटींच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे मोठी बाग. "इतकं मोकळं शहर देशात दुसरं नाही," असं जो भेटेल तो मला सांगायचा, आणि त्या प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी घालावं असं मला वाटायचं.

कारण मला त्या मोकळ्याचीच भीती वाटत होती. मी मिरजेची. आमच्या गल्लीत चालताना एका हाताला सतारीच्या दुकानाची फळी लागते आणि दुसऱ्या हाताला कुणाच्या तरी ओट्याचा कोपरा. डोक्यावर पत्रे, वायरी, वाळत घातलेल्या चादरी. आभाळ बघायचं तर गच्चीवर जावं लागतं, तेही हवं असेल तर. चंदीगढला पहिल्यांदा आले ती दिल्लीहून बसने, सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवर उतरले. गंधारने फोनवर सांगितलं, गाडी पलीकडे लावलीय, रस्ता ओलांडून ये. मी बाहेर येऊन कडेला उभी राहिले आणि समोर तो रस्ता पाहिला. रुंद, सपाट, झाडं लांब लांब, इमारती त्याहून लांब, आणि वर सगळंच्या सगळं आभाळ. माझे पाय हलेनात. तळहात ओले झाले, छाती धडधडायला लागली, आणि मला पक्कं वाटलं की मी मधोमध गेले की वरून काहीतरी मला टिपणार. काय, ते सांगता आलं नसतं. शेवटी गंधारलाच गाडी फिरवून यावं लागलं.

आधी तो हसला. पुन्हा पुन्हा तसंच व्हायला लागल्यावर हसायचा थांबला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, श्वासाचे धडे झाले. "लोकांना बंद जागेत गुदमरतं, तुझं आपलं उलटंच," असं तो कधीतरी वैतागून म्हणायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्याच्या गाडीतून मी कुठेही जायची, पण एकटी म्हणून खालच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायची नाही. दूधसुद्धा आंटींच्या माणसाकडून वर मागवायची.

दिवसभर घरात बसून काय करणार, म्हणून त्याची गेम लावली. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर माणसांची वस्ती मोडून पडली आहे, आभाळ पिवळं आहे, आणि बंदुका घेतलेले खेकड्यासारखे प्राणी हिंडत आहेत. आपला माणूस जाड चिलखतात असतो, तरी दोन-चार गोळ्यांत आडवा होतो, ही त्यातली खुबी. म्हणून उघड्यावर धावायची सोय नाही. बटण दाबलं की तो भिंतीकडे झेपावतो आणि पाठ टेकून बसतो. त्या क्षणी धप्प असा आवाज येतो आणि हातातला कंट्रोलर हलकासा थरथरतो. त्या 'धप्प'साठी मी ती गेम खेळायची.

खेकडे मेले काय नि जगले काय, मला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. डोकं बाहेर काढायचं, मारायचं, परत खाली बसायचं. गोळी लागली तर पडद्याच्या कडा लाल होतात, आपल्या माणसाला धाप लागते. भिंतीमागे गप्प बसून राहिलं की लाली ओसरते, श्वास जागेवर येतो. पण तिथेच बसून राहू देत नाहीत, बाजूने खेकडे येतात, नाहीतर बॉम्ब टाकून हुसकावतात. मग पुढची भिंत बघायची आणि जीव मुठीत धरून तेवढंच पळायचं. भीती अख्खी कुणी वाढत नव्हतं, पुढच्या भिंतीपर्यंत पुरेल एवढीच ताटात यायची. बाहेरच्या रस्त्यावर अशी सोय असती तर मी रोज भाजी आणायला गेले असते.

मार्चमध्ये गंधारची ड्युटी वाढली आणि त्याची आई माझ्या सोबतीला इचलकरंजीहून आली. शशिकला त्यांचं नाव. आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यात कान गेले; कानात मशीन घातलं तरच ऐकू येतं. आल्या आल्या मला म्हणाल्या, "रस्त्याला काय भ्यायचं गं? रस्ता काय चावतोय?" पुढचे काही दिवस आमचं बोलणं मिठापुरतं आणि चहापुरतं झालं.

आईंना रोज पूजेला फुलं लागत. विकतची नाहीत, तोडलेली. गावाकडे त्यांनी अख्ख्या पेठेच्या कुंपणांवरची फुलं पहाटे खुडून देवाला वाहिली होती, आणि त्यात काही चुकतं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. इथे समोरच्या बागेत तगर होती, जास्वंद होती, पिवळी कण्हेर होती, आणि 'फूल तोड़ना मना है' अशी पाटी होती. "मला हिंदी येत नाही," आई म्हणायच्या. टीव्हीवरच्या हिंदी मालिका मात्र त्यांना शेवटच्या शब्दापर्यंत कळायच्या.

बागेतल्या माळ्याचं आणि त्यांचं वैर जमलं. तो "ओ माताजी" करत मागे लागायचा आणि त्या पसार व्हायच्या. मी खिडकीतून बघायची. मेंदीच्या कुंपणाआड खाली बसायच्या, तो तिथे पोचेपर्यंत पंपाच्या खोलीमागे गेलेल्या असायच्या, तो तिकडे वळला की आणखी पुढे. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरतात म्हणून घरात पाट मागणारी, तिथे मात्र चवड्यांवर बसून सुळकन सरकायची. परत आल्यावर ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. ओंजळभर तगर तबकात ठेवायच्या आणि वर मलाच विचारायच्या, काय बघतेस?

एका दुपारी मी खेळत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. माझा माणूस एका ठोकळ्यामागे अडकला होता, समोरून खेकडे गोळ्यांचा पाऊस पाडत होते. आईंनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तिथंच काय बसलीस? त्यांनी बघितलंय तुला. डावीकडं सरक." मी सरकले आणि कित्येक दिवस अडलेला तो भाग पार झाला. मी वळून बघितलं तर त्या पदर खोचून माझ्या शेजारी बसत होत्या.

ती गेम दोघांनाही खेळता येते. पडदा मधोमध दुभागतो, एका बाजूला त्या, एका बाजूला मी. एकीने आडोशातून डोकं काढून गोळ्या झाडत राहायचं, म्हणजे खेकडे मान वर करत नाहीत. तेवढ्यात दुसरीने पुढच्या आडोशाला पळायचं. मग उलट. आईंचा नेम यथातथाच होता, पण कुठे लपायचं हे त्यांना जन्मजात कळायचं. त्यांचा एकच कायदा: जिथं दिसलो तिथं थांबायचं नाही, डावीकडचा दुसरा आडोसा गाठायचा. का डावीकडचा, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि कान गेल्यामुळे त्या ओरडूनच बोलायच्या. "तू सरक, मी बघते." खाली बलजीत आंटींना वाटायचं सासू-सून भांडतायत, त्या जिन्यातून हळूच "सब ठीक, बेटा?" विचारून जायच्या. मला त्या ओरडण्याची सवय झाली. त्या 'मी बघते' म्हणाल्या की उघड्यावर पळताना माझी भीती निम्मी व्हायची.

मे महिन्यात सीमेवर सुरू झालं. गंधार बॅग घेऊन गेला. "फोन लागला नाही तर घाबरू नका," असं जाताना म्हणाला, त्यामुळे आम्ही तेव्हापासूनच घाबरलो. फोन लागला नाही. शहरात दिवे घालवायचा हुकूम आला, आम्ही खिडक्यांवर रजया टांगल्या आणि अंधारात नुसत्या बसून राहिलो. गेमचं नाव दोघींनीही काढलं नाही.

सकाळी आईंनी पिशवी उचलली.

"आई, आज नको," मी म्हणाले.

"देवाला काय सांगू, लढाई आहे म्हणून?" त्यांनी कानातलं मशीन काढून देवघरातल्या वाटीत ठेवलं. उन्हात घाम जाऊन ते बिघडायचं, म्हणून बागेत जाताना त्या ते नेहमी काढायच्या. फोन चार्जिंगला होता, आणि बरोबर असता तरी त्यांना त्याची रिंग कुठे ऐकू येणार होती. "पोराच्या नावानं चार जादा तोडते," असं म्हणून त्या जिना उतरल्या.

त्या रस्ता ओलांडून बागेत शिरल्या असतील-नसतील, तेवढ्यात भोंगा झाला.

आधी लांबून कुठूनतरी आला, मग जवळून. खाली जाऊन वर चढणारा, पुन्हा खाली जाणारा आवाज. टीव्हीवर सांगत होते, घरात राहा, बाल्कनीत उभे राहू नका, काचांपासून लांब व्हा. मी धावत काचेपाशीच गेले.

बागेत पळापळ होती. फेऱ्या मारणारी माणसं फाटकाकडे धावत होती, एकाने बूटसुद्धा टाकले होते. आई मात्र तगरीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, निवांत, एकेक फूल बघून तोडत. त्यांच्या भोवती सगळं जग पळत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. मी खिडकी उघडून जीव खाऊन हाका मारल्या, माझ्याच कानांत दडे बसले. मग मला माळी दिसला. सगळे बाहेर पळत असताना तो उलटा आत, आईंकडे धावत होता, दोन्ही हात हलवत, ओरडत. माझ्या जिवात जीव आला.

आईंनी वळून बघितलं. माळी आपल्या अंगावर धावून येतोय, हातवारे करतोय, आणि आपल्या पिशवीत फुलं आहेत. चोराच्या मनात चांदणं. त्या चटकन खाली बसल्या आणि मेंदीच्या कुंपणाआड दिसेनाशा झाल्या.

बिचाऱ्याने शोधलं. कुंपणामागे जाऊन बघितलं, पंपाच्या खोलीपर्यंत गेला, हाका मारत राहिला. मग थांबला, वर आभाळाकडे बघितलं आणि फाटकाकडे पळत सुटला. त्यालाही घर असेल. बाग रिकामी झाली, रस्ता रिकामा झाला.

आता काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. माळी गेला अशी खात्री झाल्याशिवाय आई हलणार नव्हत्या, आणि लपण्यात त्या वस्ताद होत्या. त्यांना शोधायला आता कुणी येणार नव्हतं. वरून काही पडलं असतं तर ती बाई हातात फुलांची पिशवी घेऊन, आपण जिंकलो अशा समजुतीत मेली असती.

मी देवघरातल्या वाटीतलं मशीन मुठीत घेतलं आणि जिना उतरले. आंटी खाली भिंत धरून उभ्या होत्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. "बाहर नहीं जाना, बेटा. पुलिसवाले मना कर रहे ने."

"आंटीजी, मम्मीजी पार्क में हैं."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मैं चलूँ नाल?" आणि माझ्यासोबत यायला खरंच एक पाऊल टाकलं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि फाटक उघडलं.

समोर रस्ता होता. एरवी त्यावर गाड्या असतात, रिक्षा असतात, निदान कुत्री असतात. आता काहीही नव्हतं. नुसतं डांबर, ऊन, आणि वर ते आभाळ, ज्यातून भोंगा येतोय असं वाटत होतं. माझी पाचावर धारण बसली. फाटकाचा गज मी सोडेना. इतके महिने मला सगळे समजावत होते की वरून काही येत नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत. आज अख्खं शहर दारं लावून माझ्यासारखंच बसलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझी भीती बरोबर ठरली होती, आणि नेमकं तेव्हाच मला बाहेर जायचं होतं. मला रडू आलं, राग आला, फुलांचा राग आला, देवाचासुद्धा आला.

मग मी रस्त्याकडे बघायचं सोडून दिलं आणि आडोसा शोधला. फाटकापासून थोड्या अंतरावर बहाव्याचं झाड होतं, पिवळं झालेलं. तेवढंच. मी कमरेत वाकून पळाले आणि बुंध्याला पाठ लावली. कुणी बघितलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळाला फोन केला असता. तिथून दुभाजकावरचा दिव्याचा खांब. खांब हा काय आडोसा झाला, माझा एक खांदासुद्धा त्यामागे झाकत नव्हता. पण दुसरं काही नव्हतं. मधल्या जागेत पाय टाकला तेव्हा कानात 'मी बघते' ऐकू यायला हवं होतं. कुणी बघत नव्हतं. मी डोळे जवळजवळ मिटून पळाले, खांबावर आदळले, त्याला मिठी मारली. तिथे किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही. भोंगा खाली गेला, पुन्हा वर चढला. मग बागेच्या फाटकाचा विटांचा खांब दिसला आणि मी तिथवर गेले.

बाग नुसती पसरलेली होती. माळ्याने कुंपणामागे बघितलं होतं, पंपाच्या खोलीमागे बघितलं होतं, आणि तिथे त्या नव्हत्या हे मला ठाऊकच होतं. जिथं दिसलो तिथं थांबायचं नाही. मी कुंपणापाशी जाऊन डावीकडे बघितलं: पंपाची खोली. तिथून डावीकडे बघितलं: व्यायामाची लोखंडी यंत्रं, त्यांच्यातून आरपार दिसत होतं. त्यांच्याही पलीकडे एका जुन्या पिंपळाभोवती विटांचा कट्टा बांधलेला होता, कमरेएवढा.

मी कट्ट्याला वळसा घातला. आई चवड्यांवर बसल्या होत्या, पदर खोचलेला, पिशवी छातीशी. मला बघून त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं आणि खाली बस अशी खूण केली. मी त्यांच्या शेजारी कोसळले. पाठ विटांना लागली.

"गेला का तो मेला माळी?" त्यांनी आपल्या मते कुजबुजत विचारलं. त्रेचाळीसच्या स्टँडपर्यंत ऐकू गेलं असेल.

मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. माझे पाय अनवाणी होते, केस सुटले होते, तोंड घामाने आणि रडून भिजलं होतं. पण त्यांनी ते बघितलं नाही. मी तिथे, बागेत, रस्ता ओलांडून एकटी आले होते, हे त्यांनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा खोडसाळपणा पुसला गेला. हातातली पिशवी खाली पडली.

"गंधार?" त्या म्हणाल्या.

मी ह्याचा विचारच केला नव्हता. जी पोर दुधाच्या पिशवीसाठी फाटकाबाहेर येत नाही, ती धावत आली, तर आईने दुसरं काय समजायचं? मी जोरजोरात मान हलवली. "नाही, नाही आई. तो बरा आहे. बरा आहे."

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला. "मशीन आण. कानानं ऐकू दे."

घाईत ते कानात बसेना. बसलं, आधी शिट्टी मारली त्याने, आणि मग त्यांना भोंगा ऐकू आला. त्यांनी एकदम कानावर हात ठेवला. गिरणीच्या भोंग्यावर त्या वाढलेल्या, पण हा तो नाही हे त्यांना लगेच कळलं असावं.

"विमानं येतील म्हणून वाजवतायत," मी म्हणाले. "सगळ्यांना घरात राहायला सांगितलंय. माळी तुम्हाला तेच सांगायला धावला होता."

कुंपणापलीकडच्या रिकाम्या वाटेकडे त्यांनी बघितलं. "आणि गंधार?"

त्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला, पण ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं. "फोन नाही आई. मला काहीच माहीत नाही. बरा आहे असं मी नुसतंच म्हणाले." एवढं बोलले आणि मला हुंदका आवरेना.

"मग आत्तापासून रडतेस कशाला?" त्यांचाही आवाज कापत होता. "कळल्यावर रडू, रडायचं असलं तर." त्यांनी खाली सांडलेली फुलं वेचायला सुरुवात केली.

"अहो, फुलं राहू द्या आता."

"तोडलेली टाकायची नसतात." एकेक तगर त्यांनी पिशवीत परत घातली. तेवढ्या वेळात मला त्यांचा जीव घ्यावासा वाटला. मग त्यांनी पिशवी कमरेला खोचली, कट्ट्यावरून डोकं काढून इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चल. तू सरक, मी बघते."

मी पंपाच्या खोलीपर्यंत पळाले आणि तिथून बघत राहिले, त्या आल्या. मग कुंपण, मग फाटकाचा खांब. त्यांना धाप लागली होती, मधेच एकदा त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. पुढे रस्ता होता. येताना मी तो कसा ओलांडला हे मला आठवेना, आणि आता पुन्हा पाय जड झाले.

"तो दिव्याचा खांब," आई म्हणाल्या. "तिथवरच जा. पुढचं नंतर."

मी गेले. खांबाला पाठ लावली आणि आता माझी पाळी म्हणून मागे वळले. त्या फाटकाच्या खांबाआड खाली बसलेल्या असायला हव्या होत्या. पण आई आडोसा सोडून पुढे आल्या होत्या. रस्त्यात, उघड्यावर, ताठ उभ्या होत्या. डोळ्यांवर आडवा हात धरून त्या आभाळ बघत होत्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाळवणावर येणारे कावळे बघावेत तसं. एक बाजू बघून झाली की वळून दुसरी. गेममध्ये असं कुणी करत नाही. केलं तर पुढच्या क्षणी पडदा लाल होतो.

"आई, खाली बसा," मी ओरडले. "आडोशाला जा आधी."

कानात मशीन होतं, त्यांना चांगलं ऐकू आलं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, नजर वरच ठेवली. "तू जा गं," त्या म्हणाल्या. "घरात शिरेपर्यंत बघते मी."

आमचं फाटक समोर होतं, आंटी ते उघडं धरून उभ्या होत्या. मध्ये तेवढं बहाव्याचं झाड होतं. मी खांब सोडला आणि मागे फिरले. त्या रुंद रस्त्यावरून चालत आईंपाशी गेले, त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांचा दंड धरला. भीती जराही कमी झाली नव्हती, माझे दात वाजत होते. त्यांचाही हात थंडगार पडला होता.

"तुम्ही उजवीकडचं बघा," मी म्हणाले, "मी डावीकडचं बघते." आणि आम्ही रस्त्याच्या मधोमध, माना वर करून, घराकडे निघालो.